इअरविगचा सुळसुळाट : वाफ्यातले, कुंडीतले आणि टॉवेलमधले

तिन्हीसांज (बीव्हर्टन, ऑरेगन)

मंडळी, इअरविगवर (शेपटीला चिमटा असलेला किडा) आधीचा धागा शोधला, मिळाला नाही. असला तर लिंक द्या, हा बंद करायला सांगते.

मागच्या अंगणात दोन रेझ्ड बेड (फळ्यांचे उंच वाफे) आहेत. एकात मेथी-कोथिंबीर, दुसऱ्यात मिरच्या-वांगी आणि कडेने झेंडू. झेंडू दसऱ्यासाठी, कारण इथे तोरणापुरती फुलं विकत घ्यायची म्हटली तरी डोळे पांढरे होतात. तर, मेथी दोन पानांवर आली की सकाळी नुसते देठ उभे. कोथिंबिरीचं तेच. झेंडूच्या पानांना कडेपासून आतपर्यंत वेडीवाकडी भोकं, आणि कळी उमलायच्या आत पाकळ्या बुडाशी कुरतडलेल्या. आमच्याकडे स्लग (बिनशंखाच्या गोगलगायी) भरपूर, म्हणून आधी संशय त्यांच्यावर. पण त्यांचा तो चकाकता चिकट माग कुठेच दिसेना.

शेवटी काल रात्री दहानंतर टॉर्च घेऊन बाहेर गेले (जूनमध्ये त्याआधी नीट अंधारच पडत नाही). एकेका झेंडूवर तीन-तीन, चार-चार! तांबूस तपकिरी, अर्ध्या-पाऊण इंचाचे, शेपटीला चिमटा. एकाने मेथीचं रोप पुढच्या पायांत धरलं होतं आणि पानाच्या टोकापासून खाली खात येत होता. तोंडावर उजेड पडला तरी खाणं थांबलं नाही. दुसऱ्याला काडी लावली तर शेपूट विंचवासारखी वर केली.

हे कमी म्हणून घरातही येताहेत. लाँड्री रूममध्ये, सरकत्या दाराच्या खाचेत, आणि परवा बाहेर वाळत घातलेल्या टॉवेलमधून एक थेट माझ्या खांद्यावर. लेकीला शाळेत कुणीतरी सांगितलंय की हे झोपेत कानात शिरतात. ती आता कानावर उशी घेऊन झोपते.

उन्हाळा लागला की इथे पेस्ट कंट्रोल विकणारी मुलं दारोदार फिरतात. त्यातला एक म्हणतो, दर तीन महिन्यांनी घराभोवती फवारू, किडा नजरेला पडणार नाही. नवरा पेन शोधतोय. मला त्याच वाफ्यातली मेथी खायची आहे. अनुभवी लोकांनी बोला.

वांगीभात (एडिसन, न्यू जर्सी)

टॉवेलमधून खांद्यावर?? मी आजपासून ड्रायरवाली. बाकी सांगण्यासारखं काही नाही, पण बसलेय वाचायला.

नाककानघसा (पुणे)

आधी लेकीला झोपवू या, मेथीचं नंतर.

आमच्या ओपीडीत कानातून झुरळं निघतात, मुंग्या निघतात, बारके पतंग निघतात, गावाकडच्या पेशंटच्या कानातून गोचीडही निघते. कोणताही छोटा किडा चुकून कानात जाऊ शकतो, त्यात इअरविगचं काही खास नाही. तो कान शोधत येतो, आत पोखरत जाऊन मेंदूत अंडी घालतो, ही युरोपातली जुनी भाकडकथा. बाहेरच्या कानाच्या शेवटी पडदा असतो, पलीकडे हाड. मेंदूकडे जायला तिथे वाट नाही. चिमट्यात विषही नसतं. मोठ्या नराने धरलं तर चिमटा काढल्याएवढं दुखतं, बस.

आता विषय निघालाच आहे तर सगळ्यांसाठी सांगतो. कानात किडा गेला तर बड, हेअरपिन, किल्ली यातलं काहीही आत घालू नका. किड्यापेक्षा जास्त नुकसान त्यानेच होतं. कान वाहत नसेल, पडद्याला भोक नसेल, ग्रोमेट (पडद्यातली छोटी नळी) बसवलेला नसेल तर माणसाला कुशीवर झोपवून कोमट खोबरेलाचे किंवा बेबी ऑइलचे थेंब सोडा. किडा आत फडफडणं थांबवतो, अर्धा त्रास तिथेच संपतो. मग डॉक्टरकडे जा.

तिन्हीसांज

@नाककानघसा, डॉक्टर, मनापासून आभार. तिला वाचून दाखवलं. "कानाला मागून दार नसतं" एवढं पटलंय. उशी अजून आहे.

खुरपेवाला (मिसिसागा, ओंटारिओ)

इकडे आल्यापासून या प्राण्याशी माझी उठबस आहे. घर आणि बाग हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगळे सोडवा.

घराचं सोपं. इअरविग घरात राहायला येत नाही, वाट चुकून येतो. त्याला ओल लागते. घरातली कोरडी हवा त्याला मानवत नाही, तिथे त्याची वीणही होत नाही. दिसला की व्हॅक्यूमने ओढा किंवा झाडूवर घेऊन साबणाच्या पाण्यात टाका. घरात फवारा मारण्यात काडीचा अर्थ नाही, कारण आज पाच मेले तरी उद्या बाहेरून पाच येणारच. दाराखालच्या फटीला डोअर स्वीप बसवा, सरकत्या दाराची जुनी वेदरस्ट्रिप (फट बुजवणारी पट्टी) बदला, पाइप-वायर भिंतीत शिरतात तिथली भोकं कॉकने (फटी भरायच्या लुकणाने) बुजवा. मागच्या दारावरचा पांढरा दिवा पिवळा करा किंवा रात्री बंद ठेवा.

आता खरं कारण. तुमच्या भागात बार्कडस्ट म्हणतात ना, झाडाच्या सालीचा भुगा? तो भिंतीला टेकून रचलेला असेल बघा. दिवसा या मंडळींना अंगाला दोन्ही बाजूंनी काहीतरी घासेल अशी अरुंद, ओलसर, अंधारी जागा हवी असते. बार्कडस्ट म्हणजे त्यांना मोकळं रान. घराच्या पायापासून फूटभर तरी तो मागे ओढा, तिथे खडी टाका किंवा जमीन उघडी ठेवा. पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीशीच रिकामा होत असेल तर पुढे वाढवा. भिंतीवर आयव्ही चढलेली असेल तर आधी ती उतरवा.

मग अंगणात एक चक्कर मारा आणि प्रत्येक वस्तू उचलून बघा. कुंड्या आणि त्यांच्या ताटल्या, गुंडाळून ठेवलेला होज, मिटलेली छत्री (उघडताना तोंड बाजूला ठेवा), बार्बेक्यूचं कव्हर, रेझ्ड बेडच्या फळ्यांमधल्या फटी. पहिल्याच फेरीत त्यांचा मुक्काम सापडेल.

आणि पाणी सकाळी घाला. संध्याकाळी स्प्रिंकलर चालवणं म्हणजे रात्रीच्या पंगतीआधी सडा घालून ठेवण्यासारखं आहे.

तिन्हीसांज

आमचं स्प्रिंकलर संध्याकाळी सातला सुरू होतं. भिंतीला बार्कडस्ट आहे. छत्री मिटलेली आहे. तुम्ही आमच्या कुंपणावरून डोकावलात का?

रोखठोक (ऑस्टिन)

एवढा उपद्व्याप कशाला? नवऱ्याला सही करू दे. वीकेंडला होज उचलून किडे मोजत बसायचं वय आहे का आपलं?

कीडमुंगी (कोर्व्हॅलिस, ऑरेगन)

@रोखठोक, घराभोवतीच्या फवाऱ्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. ते भिंतीच्या पायाला मारायचं असतं, भाजीच्या वाफ्याला नाही, म्हणजे यांची मेथी खाणारे तिथेच राहणार. त्यात मधमाश्यांना आणि माशांना हे औषध फार घातक. बीव्हर्टनच्या रस्त्यावरच्या गटारातलं पावसाचं पाणी फॅनो क्रीकसारख्या ओढ्यांना मिळतं आणि तिथून टुआलाटिन नदीत जातं. शिवाय इअरविगला आणि स्लगच्या अंड्यांना खाणारे जमिनीवरचे भुंगेरे या फवाऱ्याने आधी मरतात. अगदी हाताबाहेर गेलं तर गोष्ट वेगळी. पण हा पहिला उपाय नव्हे.

विषय माझ्या अभ्यासाचा आहे म्हणून थोडं लांबण लावते. आपण बोलतोय तो युरोपियन इअरविग, फोर्फिक्युला ऑरिक्युलारिया. नावाप्रमाणे युरोपातला. उत्तर अमेरिकेत त्याची पहिली ठळक नोंद १९०७ ची, सिएटलची. मग पूर्व किनाऱ्यावर १९११ च्या सुमारास ऱ्होड आयलंडमध्ये. झाडांच्या मुळांबरोबरची माती, जहाजातला माल यांतून आला असणार, कारण पंख असूनही तो उडतो क्वचितच. (ते पंख मात्र बघण्यासारखे असतात. पंख्याच्या घडीवर घडी घालून एवढ्याशा झाकणाखाली बसवलेले. इंजिनिअर मंडळी त्या घडीचा अभ्यास करतात.) इथे आल्यावर त्याने एवढा उच्छाद मांडला की १९२० च्या दशकात ऑरेगनमध्ये युरोपातून एक परजीवी माशी आणून सोडली गेली. तिच्या अळ्या इअरविगच्या पोटात वाढतात. फॉकलंड बेटांवर तर तो अलीकडे पोचला आणि लोकांच्या भाजीच्या बागा उठवल्या.

मादीचं ऐकून तुमचा राग निम्मा होईल. ती थंडीच्या तोंडावर जमिनीत दोन-तीन इंच खाली घर करते, नराला बाहेर काढते आणि तीस-पन्नास अंडी घालते. मग महिनोन्महिने तिथून हलत नाही. बुरशी धरू नये म्हणून एकेक अंडं तोंडाने चाटून साफ करते, ओल कमी-जास्त झाली तर अंडी उचलून दुसरीकडे नेते, कुणी आलं तर चिमटा उगारते. पिल्लं निघाल्यावरही काही दिवस त्यांना सांभाळते. किड्यांमध्ये असं आईपण फार थोड्यांत दिसतं.

यात माळ्याच्या कामाचं काय? अंडी वरच्याच थरात असतात. रिकामा वाफा हिवाळ्याच्या शेवटी खुरप्याने वरवर हलवला की बरीच घरं मोडतात आणि उरलेलं काम पक्षी करतात. आणि आत्ता जूनमध्ये तुम्हाला दिसताहेत ती वसंतात निघालेली, वाढत्या अंगाची भुकेली पोरं. कडक उन्हाळ्यात संख्या आपोआप उतरते. म्हणजे तुम्हाला सांभाळायचे आहेत ते कोवळ्या रोपांचे काही आठवडे. कंबरेएवढ्या टोमॅटोला याने फारसा फरक पडत नाही.

वांगीभात

अंडी चाटून साफ करते! आता मारायचं कसं? धागा उगाच वाचला.

रोखठोक

@कीडमुंगी, नदीचं आधी सांगायचं. ठीक, सही मागे घेतो. वयाचा मुद्दा मात्र कायम.

शिवारातला (वाळवा, जि. सांगली)

तुमचं चाललंय काय हो? तुम्ही ज्याला मारायला निघालाय त्याला आम्ही शेतात शोधत फिरतो!

२०१८ ला आपल्याकडे अमेरिकन लष्करी अळी आली आणि मक्याची वाट लागली. अळी पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) शिरून बसते, वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. आमच्या प्लॉटमध्ये पोंगा उकलून बघताना त्यात हे चिमटेवाले सापडायचे. कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला दाखवलं तर म्हणाला, हा मित्रकीटक आहे, अळीची अंडी आणि बारक्या अळ्या खातो, याला हात लावू नका. तुमच्याकडच्या किड्यापेक्षा याची जात वेगळी असेल, पण खानदान तेच. शेणखताच्या ढिगाखाली आणि पाचटाखाली पण निघतात. आजवर आमची मेथी खाल्लेली नाही.

मित्रकिड्यांवर माझा विश्वास बसला तो लोकरी माव्याच्या साली. २००२ ला आमच्या सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा मावा आला. पानं वरून काळी, खालून कापूस चिकटवल्यासारखी. लोकांनी हेलिकॉप्टरनं फवारायच्या गोष्टी केल्या. पण मावा आटोक्यात आणला तो डिफा आणि मायक्रोमस या दोन किड्यांनी. कारखान्यांनी ते वाढवून शेतकऱ्यांना वाटले. म्हणून सांगतो, मारायच्या आधी तो आणखी काय खातो ते बघा.

सोनचाफा (लीड्स, यूके)

@शिवारातला, शंभर टक्के अनुमोदन. आमच्या इंग्लंडमध्ये डेलियाचे शौकीन लोक यावर पिढ्यानपिढ्या एक युक्ती करतात. मातीची छोटी कुंडी घ्यायची, आत पेंढा किंवा सुकं गवत दाबून भरायचं, आणि डेलियाशेजारी काठी रोवून तिच्यावर ती उलटी टांगायची. रात्रभर खाऊन पहाटे सगळे वर चढून त्या पेंढ्यात जाऊन बसतात. सकाळी कुंडी उतरवायची.

आणि पुढे त्यांना मारायचं नाही! आमच्या शेजारच्या आजोबांच्या परसात सफरचंदाची झाडं आहेत. ते कुंडी तशीच नेऊन सफरचंदाच्या बुंध्याशी ठेवतात. सफरचंदावरही लोकरी मावा येतो (उसावरचा वेगळा, हा वेगळा) आणि इअरविग त्यावर ताव मारतात. सफरचंद-नाशपातीच्या बागांत तर त्यांच्यासाठी मुद्दाम आसरे बांधतात. म्हणजे डेलियात चोर तोच सफरचंदावर राखणदार. @वांगीभात, तुझ्या मनाची सोय झाली.

तिन्हीसांज

उलट्या कुंडीची कल्पना भलतीच आवडली. सफरचंद आमच्याकडे नाही, पण कोपऱ्यावरच्या घरी आहे. त्यांना विचारायचं कसं, "काकू, आमचे किडे देऊ का?"

बाकी, गेले काही दिवस गुगल केलं की एकच उपाय दिसतो: टूनाच्या डब्यात बेकनचं तेल. आमच्या घरात यातलं काहीच येत नाही. शाकाहारी सापळा असतो का?

खुरपेवाला

असतो की. त्यांना हवा असतो वास, डब्यावरचं लेबल ते वाचत नाहीत. दह्याचा किंवा श्रीखंडाचा छोटा डबा घ्या, दोन इंचांवर कापा. तळाशी सोया सॉस, वर साधं स्वयंपाकाचं तेल, मिळून अर्धा इंच भरेल एवढं. वाफ्यात असा पुरा की काठ मातीच्या पातळीला येईल. वासाने येतात, तेलात पडतात, बाहेर निघता येत नाही. सकाळी गाळून टाका, तेल तेच चालतं. सापडायचे बंद होईपर्यंत रोज लावत राहा. दोन रात्री लावून "काही फरक नाही" म्हणणारे मी फार पाहिले.

माशाचं तेल वापरलं तर जास्त येतात हे खरं, पण मग रॅकूनही येतो आणि डब्यासकट वाफा उकरून जातो. त्या दृष्टीने तुमचं शाकाहारीपण सोयीचं आहे.

तेल नको असेल तर वर्तमानपत्र. दोन-तीन पानांची सैल गुंडाळी, रबर बँड, किंचित ओली करून संध्याकाळी रोपांजवळ आडवी ठेवायची. उजाडल्यावर (ऊन चढायच्या आत, नाहीतर पळतात) उचलून साबणाच्या पाण्याच्या बादलीवर झटकायची. साबण हवाच, नुसत्या पाण्यावर ते तरंगतात आणि कडेने चढून येतात. खोकी येतात त्या नालीदार पुठ्ठ्याची गुंडाळी तर आणखी चांगली, त्याच्या नळ्यांत बरोबर मावतात. बागेत जास्तीचे बांबूचे तुकडे पडले असतील तर तेही चालतात.

एक_चमचा_हळद (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

आईने भारतातून लक्ष्मणरेषा आणून ठेवली आहे. वाफ्याभोवती ओढली तर? झुरळांना तर रामबाण आहे.

कीडमुंगी

@एक_चमचा_हळद, कृपया नको. असल्या कीटकनाशक खडूला इथे ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची) नोंदणी नाही, अमेरिकेत तो विकणं बेकायदा आहे. कारण साधं आहे: तो शाळेतल्या खडूसारखा दिसतो आणि लहान मुलं हातात-तोंडात घेतात. खाण्याच्या भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नको.

औषध घालायचंच असेल तर स्पिनोसॅड असलेलं दाणेदार आमिष मिळतं. स्लगो प्लसमध्ये आयर्न फॉस्फेट आणि स्पिनोसॅड दोन्ही असतं. साध्या स्लगोमध्ये नुसतं आयर्न फॉस्फेट, ते स्लगवर चालतं, इअरविगवर नाही. दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात, नीट बघून घ्या. स्पिनोसॅड हे मातीतल्या एका जिवाणूपासून मिळतं. तो जिवाणू १९८२ मध्ये कॅरिबियन बेटावरच्या बंद पडलेल्या रमच्या भट्टीतल्या मातीत सापडला. संध्याकाळी मातीवर विरळ पसरायचं, ढीग करायचा नाही. फुलांवर स्पिनोसॅडचा फवारा मारू नका, ओला असेपर्यंत तो मधमाश्यांना मारक असतो. आणि लेबलवर लिहिलंय तेवढंच वापरा.

डायटोमेशियस अर्थबद्दल (किड्यांवर टाकायची एक पांढरी खनिज पूड) कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच: कोरडं असेल तरच चालतं. ऑरेगनच्या जूनमध्ये एक सर आली की त्याचा चिखल. उघड्या वाफ्यापेक्षा दाराच्या खाचेत, क्रॉल स्पेसच्या (घराखालच्या बुटक्या पोकळीच्या) तोंडाशी उपयोगी. पसरताना मास्क लावा.

रोखठोक

रमच्या भट्टीतलं औषध आहे हे आधी सांगितलं असतंत तर मी विरोधात बोललोच नसतो.

आजीचा_बटवा (डोंबिवली)

माझी नात कॅलगरीला असते म्हणून हे सगळं वाचते. मुलांनो, पूर्वी आपल्याकडे दुधातुपाच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. मुंगी चढायची नाही. तुमची कोवळी मेथी टेबलावर वाढवून टेबलाचे पाय तसे पाण्यात ठेवले तर तो किडा चढेल का?

खुरपेवाला

आजी, नमस्कार! नाही चढत. मी रोपांचे ट्रे असेच ठेवतो. पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण, आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, नाहीतर डासांची पैदास. दोन अटी आहेत. टेबल भिंतीला किंवा कुंपणाला टेकायला नको, आणि ट्रे चढवण्याआधी त्याच्या बुडाशी आधीच कुणी मुक्कामाला नाही ना ते बघायचं. नाहीतर चोर आत आणि पहारा बाहेर.

रोपं सहा-आठ पानांची झाली की मग वाफ्यात. झेंडू तर असाच करावा. मेथी पुन्हा लावायची नसते, तेव्हा ती सरळ टेबलावरच पसरट ट्रेमध्ये पेरा आणि तिथेच खुडा. तीन-चार आठवड्यांचं तर पीक.

एक_चमचा_हळद

आजी रॉक्स! पण लिंबोळीचं तेल? हिंगाचं पाणी? लसूण-मिरचीचा काढा?

कीडमुंगी

निम तेल काही प्रमाणात खाणं कमी करतं, भरवसा ठेवण्याइतकं नाही. हिंगाचं पाणी आमटीत.

तिन्हीसांज

रिपोर्ट देते.

बार्कडस्ट भिंतीपासून ओढला. त्याच्याखाली जे दिसलं त्याचं वर्णन वांगीभातसाठी टाळते. स्प्रिंकलर पहाटे पाचवर टाकला. दाराला नवी वेदरस्ट्रिप नवऱ्याने बसवली, आणि स्वतः बसवली म्हणून आता पेस्ट कंट्रोलवाल्याला तोच दारातून परत पाठवतो. घरात येणं जवळजवळ थांबलंय.

सोया सॉसच्या डब्यांत पहिल्या सकाळी काळा थर होता. आता तुरळक मिळतात. झेंडूजवळ उलट्या कुंड्या लावल्यात. त्यातली वस्ती मी लेकीबरोबर कोपऱ्यावरच्या काकूंच्या सफरचंदाखाली सोडते. काकू मूळच्या डच निघाल्या, त्यांना हे सगळं माहीत होतं, "अजून असतील तर आणा" म्हणाल्या. लेक आता नर-मादी ओळखते: चिमटा वाकडा तो नर, सरळ ती मादी.

झेंडूच्या नव्या कळ्या शाबूत आहेत. जुन्या पानांना भोकं आहेत ती राहणार. मिरचीवर मावा होता तो मात्र गेलाय, आणि मी काही फवारलेलं नाही. शिवारातला दादा, कोणी खाल्ला ते तुम्हीच सांगा.

शिवारातला

फुकट मजूर लावलाय म्हणा की! मिरचीवर येतात त्यांना सोडून द्या, फक्त रोपं जपा.

सोनचाफा

डच काकू भेटणं हे नशीब. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडची सफरचंदं घ्यायला विसरू नका. पिकून फुटलेल्या फळात मात्र यातले एक-दोन असतात, तेव्हा कापून खा.

वांगीभात

हे शेवटचं वाक्य गरजेचं होतं का?

लिंबलोण (एडमंटन, आल्बर्टा)

उशिरा आले, पण माझा प्रश्न राहिलाय. कढीपत्ता आणि तुळस उन्हाळाभर बाहेर असतात, सप्टेंबरात आत घ्याव्या लागतात. दर वर्षी कुंडीबरोबर इअरविगचं कुटुंबही आत येतं. कढीपत्त्याला औषध घालायची हिंमत नाही, माझ्या मुलांपेक्षा तोच जास्त लाडका आहे.

खुरपेवाला

आत घ्यायच्या आदल्या दिवशी कुंडी उचला, ताटली धुवा, बुडाची भोकं ब्रशने साफ करा. ते बहुतेक तिथेच असतात. मग मोठ्या बादलीत किंवा टबात कोमटसर पाणी घ्या आणि कुंडी मातीच्या वर बोटभर पाणी येईल अशी पंधरा-वीस मिनिटं बुडवा. आतले सगळे श्वासासाठी वर येतात, ते चमच्याने काढा. या पाण्यात साबण घालू नका, मुळांना त्रास होतो. नंतर कुंडी दोन विटांवर ठेवून पूर्ण निथळू द्या. कढीपत्त्याला ओली मुळं अजिबात आवडत नाहीत, म्हणून हे कोरड्या, उन्हाच्या दिवशी करा. रात्री गॅरेजमध्ये ठेवा, बाजूला एक पुठ्ठ्याची गुंडाळी. उरलेसुरले सकाळी तीत सापडतात. तुळशीला असंच, फक्त दहा मिनिटं पुरे.

लिंबलोण

गॅरेजमध्ये रात्री गारठा असतो, कढीपत्ता सोसेल का?

खुरपेवाला

दहा अंशांच्या खाली जात असेल तर लाँड्री रूममध्ये ठेवा, दाराखाली टॉवेल लावून. तो टॉवेल सकाळी झटकूनच वापरा.